विशेष शिक्षणापूर्वीची तपासणी

तिसऱ्या इयत्तेतील एखादे मूल, जे तोंडी विचारलेल्या प्रश्नांची चटकन उत्तरे देते, ऐकलेली गोष्ट बारीकसारीक तपशिलांसह पुन्हा सांगते, पण छापील पान पुढे ठेवताच ज्याची जीभ जड होते आणि ज्याच्या वहीत एकच शब्द तीन ठिकाणी तीन रीतींनी लिहिलेला आढळतो, असे मूल बहुधा प्रत्येक शाळेत असते. आणि त्याच्याविषयी शिक्षकाच्या मनात उभा राहणारा प्रश्नही सर्वत्र एकच असतो. हे मूल आळशी आहे, की त्याला नीट शिकवलेच गेले नाही, की घरच्या ओढाताणीमुळे त्याचे चित्त ठिकाणावर नाही, की अक्षरांशी जुळवून घेणेच त्याच्या मेंदूच्या घडणीला कठीण जाते? या प्रश्नाचे उत्तर कोणी, कोणत्या साधनांनी, किती मुदतीत आणि कोणाच्या संमतीने द्यावयाचे, याची अत्यंत तपशीलवार कायदेशीर व्यवस्था अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या अर्धशतकात उभी राहिली आहे. ती समजावून घेताना एक गोष्ट प्रारंभीच सांगणे अवश्य आहे. या व्यवस्थेतील बहुतेक महत्त्वाची कलमे कोणा ना कोणा मुलांवर पूर्वी झालेल्या अन्यायातून जन्मास आली आहेत, आणि तो अन्याय ठाऊक नसेल तर ती कलमे म्हणजे नुसता कागदी खटाटोप वाटण्याचा संभव आहे.

या तपासणीचे मूळ पॅरिसमध्ये आहे. १८८२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि ज्यांची शाळेने पूर्वी दखलही घेतली नव्हती अशी मुले वर्गांत येऊन बसू लागली. नेहमीच्या शिक्षणक्रमाचा ज्यांना लाभ होत नाही त्यांची तजवीज कशी करावी, याचा विचार करण्यासाठी तेथील शिक्षणखात्याने १९०४ साली एक आयोग नेमला. आणि त्या आयोगावरील आल्फ्रेड बिने या मानसशास्त्रज्ञाने आपला तरुण सहकारी तेओदोर सिमाँ याच्या साहाय्याने १९०५ मध्ये तीस कसोट्यांची एक मालिका रचली. पेटत्या काडीमागे मुलाची नजर फिरते की नाही, एवढेच पाहणारी पहिली कसोटी होती. तेथून आकडे ऐकून पुन्हा म्हणणे, चित्रातील वस्तू ओळखणे, अशा पायऱ्या चढत ती मालिका अमूर्त शब्दांतील अर्थभेद सांगण्यापर्यंत जात असे. बिनेने त्याआधी मुलांच्या डोक्यांची मापे घेण्यात बराच काळ वेचला होता, परंतु हुशार आणि मागासलेल्या मुलांच्या मापांतील अंतर इतके नगण्य निघाले की त्याने तो मार्गच सोडून दिला. आपल्या कसोट्यांवरून मूल आज कोठे उभे आहे एवढेच ठरवावे, ते जन्मतःच असे आहे आणि असेच राहणार असा निवाडा कोणी देऊ नये, असा त्याचा आग्रह होता. आणि जी मुले मागे पडलेली आढळली त्यांचे अवधान, स्मरण व इच्छाशक्ती यांना व्यायाम देणारे खास वर्ग चालावेत, असे त्याने आवर्जून प्रतिपादिले. १९११ साली तो वारला.

कसोट्या अमेरिकेस पोहोचल्या, पण त्यांच्यामागचा हा आग्रह पोहोचला नाही. न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील संस्थेत काम करणाऱ्या हेन्री गॉडर्डने १९०८ साली त्या इंग्रजीत आणल्या. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न याने १९१२ मध्ये मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागण्याची युक्ती सुचवली. आणि १९१६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुईस टर्मनने त्या भागाकारास शंभराने गुणून बुद्ध्यंक नावाचा एकच एक आकडा लोकांच्या हाती दिला. मुलाला कोठे आणि कशी मदत लागेल हे हुडकण्यासाठी निघालेले साधन माणसांची प्रतवारी लावण्याच्या कामी जुंपले गेले. मंदबुद्धी ठरवलेल्या माणसांचे सक्तीने निर्बीजीकरण करण्याचे कायदे अनेक संस्थानांनी केले, आणि व्हर्जिनियातील तसल्या कायद्यास खुद्द सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली मान्यता दिली. एका आकड्यावर मुलाचे भवितव्य ठरवू नये असे आजचा कायदा निक्षून सांगतो, त्यामागे हा सारा इतिहास उभा आहे.

शाळांत त्या काळी अन्याय दोन परस्परविरुद्ध दिशांनी होत होता. पहिला अन्याय दार बंद करण्याचा. ज्या मुलाचे मानसिक वय पाच वर्षांचे झालेले नाही त्याला पहिल्या इयत्तेत प्रवेश नाकारण्याची मुभा पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात होती. राजधानी वॉशिंग्टनमध्ये वर्तनाच्या वा बुद्धीच्या कारणास्तव कितीतरी मुले सुनावणीशिवाय घरी बसवली जात. १९७२ साली या दोन्ही ठिकाणच्या दाव्यांत न्यायालयांनी पालकांच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर अमेरिकन काँग्रेसने आपल्या कायद्यातच नमूद करून ठेवले की देशात विकलांग मुले ऐंशी लाखांवर आहेत, त्यांतील निम्म्याहून अधिकांना योग्य शिक्षण मिळत नाही, आणि दहा लाख मुले तर सार्वजनिक शाळांतून सर्वस्वी वगळली गेली आहेत. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी अध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनी ज्या ९४-१४२ क्रमांकाच्या कायद्यावर सही केली, तोच पुढे १९९० साली नवे नाव धारण करून आणि २००४ साली दुरुस्त होऊन आजचा विकलांग-शिक्षण कायदा झाला आहे.

दुसरा अन्याय याच्या नेमका उलट, म्हणजे ज्यांना गरज नव्हती त्यांना मंदबुद्धींच्या वर्गात कोंडण्याचा होता, आणि तो अधिक काळ ध्यानात आला नाही, कारण त्याला शास्त्राचा आधार असल्यासारखा दिसे. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे परगण्यात घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या नऊ मुलांची बुद्धी इंग्रजी कसोट्यांनी मोजून त्यांना अशा वर्गात बसवण्यात आले होते. स्पॅनिश जाणणाऱ्या तज्ज्ञाने त्यांचीच फेरतपासणी करताच बहुतेक मुले त्या वर्गाच्या मर्यादेबाहेर असल्याचे सिद्ध झाले. १९७० साली हा दावा तडजोडीने मिटला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत कृष्णवर्णीय पालकांनी लॅरी पी. या नावाने प्रसिद्ध झालेला दावा लावला. संस्थानातील विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुले सुमारे दहा टक्के असताना मंदबुद्धींच्या वर्गांत मात्र ती सुमारे पंचवीस टक्के होती. आणि १९७९ साली न्यायमूर्ती रॉबर्ट पेकहॅम यांनी त्या मुलांना असल्या वर्गांत घालण्यासाठी बुद्ध्यंकाच्या कसोट्या वापरण्यास मनाई केली. लगेच पुढच्या वर्षी शिकागोतील दुसऱ्या एका न्यायाधीशाने कसोटीतील प्रश्न एकेक करून स्वतः पारखले आणि त्यांत लक्षात घेण्याजोगा पक्षपात नाही असा नेमका उलट निर्णय दिला, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण हा वाद तज्ज्ञांत अद्याप पुरता संपलेला नाही. मला स्वतःला सर्वांत बोलके वाटते ते निराळेच एक उदाहरण. मंदबुद्धित्वाची वरची मर्यादा अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संघटनेने १९६१ मध्ये सुमारे ८५ बुद्ध्यंकावर नेली होती, ती १९७३ मध्ये सुमारे ७० वर आणली. लक्षावधी माणसे एका ठरावाने त्या व्याख्येबाहेर पडली, आणि त्यांच्यापैकी एकाच्याही बुद्धीत त्या दिवशी कसलाही फरक पडला नव्हता.

हे सर्व ध्यानात ठेवून आजची पद्धत पाहावी. मदतीची गरज असलेली मुले हुडकून काढण्याची जबाबदारी कायद्याने प्रशासनावर टाकली आहे. पालकाने दार ठोठावीपर्यंत थांबण्याची शाळेला मुभा नाही. तथापि पालकही तपासणीसाठी अर्ज करू शकतो, आणि शाळेला ती करावयाची नसेल तर नकाराची कारणे तिने लेखी द्यावी लागतात. तपासणीस प्रारंभ होण्यापूर्वी पालकाची लेखी संमती घेतली पाहिजे, आणि ती संमती म्हणजे नुसता अंगठा वा सही नव्हे. काय तपासले जाणार आहे हे पालकास त्याच्या भाषेत समजावून सांगितलेले असले पाहिजे. तपासणीस दिलेली संमती विशेष शिक्षण सुरू करण्यास लागू होत नाही, त्यासाठी वेगळी घ्यावी लागते. आणि ही दुसरी संमती पालकाने नाकारली तर ती डावलण्याचा कोणताही मार्ग शाळेस ठेवलेला नाही. संमती मिळाल्यापासून साठ दिवसांत, किंवा त्या त्या संस्थानाने स्वतंत्र मुदत ठरवली असेल तर त्या मुदतीत, काम पुरे व्हावयास हवे.

काम कोण करतो? पूर्वी एकटा परीक्षक बंद खोलीत मुलाला तासभर प्रश्न विचारून जे लिहून देई ते प्रमाण मानले जाई. आता त्याच्या जागी एक पथक असते, त्यात शाळेचा मानसशास्त्रज्ञ, वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, गरजेप्रमाणे वाचा-उपचारतज्ज्ञ वा व्यवसायोपचारतज्ज्ञ असतात, आणि निर्णयाच्या बैठकीत पालकालाही त्यांच्या बरोबरीची जागा असते. कोणतीही एकच कसोटी निर्णयाचा आधार होऊ शकत नाही. दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी, पूर्वीच्या इयत्तांचे दप्तर, घरी मूल स्वतःचे कपडे घालते का, सुट्टे पैसे मोजते का, शेजारच्या दुकानात एकटे जाते का, अशा व्यवहारज्ञानाची चौकशी, आणि अध्ययन अक्षमतेचा संशय असेल तर प्रत्यक्ष वर्गात बसून केलेले निरीक्षण, हे सारे एकत्र ठेवून विचार करावयाचा असतो. मूल ज्या भाषेत आपले ज्ञान खरोखर प्रकट करू शकेल त्या भाषेत कसोट्या घ्याव्यात, असेही कायद्यात आहे. मॉन्टेरे परगण्यातील त्या नऊ मुलांचे हे देणे आहे.

याखेरीज एक कलम असे आहे की जे मला या साऱ्या इमारतीची कोनशिला वाटते. वाचन किंवा गणित योग्य रीतीने शिकवले न गेल्यामुळे, अथवा इंग्रजी पुरते न आल्यामुळे जर मूल मागे पडले असेल, तर त्याला विकलांग ठरवता येत नाही. शिकवण्यातील उणीव मुलाच्या माथी मारण्याची सोय या कलमाने बंद केली, आणि मूल्यमापनाचा प्रकाश मुलाबरोबर शाळेवरही पाडला.

शेवटी पथकाला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: कायद्यातील तेरा प्रकारांपैकी एखादी विकलांगता मुलास आहे काय, आणि तिच्यामुळे त्याला विशेष शिक्षणाची गरज आहे काय? केवळ डॉक्टरचा दाखला पुरत नाही; मधुमेह असलेले परंतु अभ्यासात नीट चाललेले मूल या कायद्याखाली येत नाही, त्याच्या सोयीसवलतींसाठी १९७३ चा वेगळा कायदा आहे. दोन्ही उत्तरे होकारार्थी आली की तीस दिवसांत त्या मुलापुरता वैयक्तिक शैक्षणिक आराखडा ठरवण्याची बैठक होते, आणि निदान तीन वर्षांतून एकदा फेरतपासणी होते. शाळेचे निष्कर्ष पालकास पटले नाहीत तर बाहेरील स्वतंत्र तज्ज्ञाकडून सरकारी खर्चाने तपासणी मागण्याचा हक्क त्याला आहे. शाळेला ती द्यावयाची नसेल तर आपली तपासणी योग्य होती हे तिला सुनावणीत सिद्ध करावे लागते.

अहवालात जे आकडे येतात ते वाचण्याची थोडी माहिती प्रत्येक पालकास असणे इष्ट आहे. डेव्हिड वेक्स्लर यांनी १९४९ साली मुलांसाठी रचलेली आणि अनेकदा सुधारलेली कसोटी घेतली, तर तिची सरासरी शंभर धरलेली असते आणि सुमारे दोनतृतीयांश मुले ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात. समजा एखाद्या मुलाला भाषिक आकलनात ११२ आणि कामाच्या वेगात ७८ मिळाले, तर या दोहोंचा मध्य काढून लिहिलेला आकडा त्या मुलाविषयी काहीच सांगत नाही; त्याला सांगण्याजोगे पुष्कळ आहे पण ते कागदावर उतरवण्यास इतरांहून बराच अधिक वेळ लागतो, ही खरी बातमी त्या मध्याखाली दडपली जाते. प्रत्येक आकड्याच्या दोन्ही बाजूंना काही अंकांची अनिश्चितताही असते, म्हणून ६९ आणि ७१ या आकड्यांच्या दोन मुलांत काही भेद आहे असे मानण्यास शास्त्राचा आधार नाही. शिवाय जेम्स फ्लिन या संशोधकाने दाखवून दिले की पिढ्यांमागून पिढ्या लोकांचे या कसोट्यांतील गुण वाढत गेले. तेव्हा जुन्या प्रमाणांवर आजचे मूल मोजले तर त्याचा आकडा फुगलेला येतो आणि मदतीस पात्र मूल पात्रतेच्या बाहेर राहण्याचा धोका उत्पन्न होतो.

वाचनाच्या अडचणीबाबत तर ही पद्धत दीर्घकाळ चुकीच्या वाटेवर होती. सॅम्युएल कर्क यांनी १९६३ साली शिकागोतील पालकांच्या सभेत अध्ययन अक्षमतेची कल्पना मांडली, आणि पुढे तिची ओळख पटवण्यासाठी असा नियम रूढ झाला की बुद्ध्यंक आणि प्रत्यक्ष वाचन यांत मोठी विसंगती दिसली पाहिजे. पहिलीतल्या मुलाला अद्याप फारसे वाचावयाचेच नसते, त्यामुळे ही विसंगती मोजण्याजोगी होईपर्यंत तिसरी-चौथी उजाडत असे. म्हणजे मदत मिळण्यासाठी मुलाने आधी पुरते नापास व्हावयाचे, आणि वाचन शिकवण्यास सर्वांत अनुकूल अशी वर्षे हातची घालवावयाची! २००४ च्या दुरुस्तीने अशी विसंगती सक्तीची करण्यास संस्थानांना मनाई केली आणि दुसरा मार्ग मोकळा केला: मुलाला प्रथम शास्त्रशुद्ध पद्धतीने अधिक शिकवावे, प्रगती आठवड्या-पंधरवड्याने नोंदवावी, आणि तरीही ते पुढे सरकत नसेल तर तो पुरावा निर्णयात धरावा. हा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो. मात्र त्याच्या नावाखाली तपासणीच लांबणीवर टाकण्याचे प्रकार इतके झाले की तसे करता येणार नाही, अशी ताकीद केंद्रीय शिक्षणखात्यास २०११ साली काढावी लागली.

कायदा चांगला असूनही प्रशासनाने मनात आणले तर काय होऊ शकते, हे टेक्सासने दाखवले. २००४ साली तेथील शिक्षणखात्याने शाळा-जिल्ह्यांच्या कामगिरीचे मोजमाप ठरवताना विशेष शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण ८.५ टक्क्यांच्या आत असणे हे चांगल्या कारभाराचे लक्षण ठरवले. लेखी हुकमात कोणत्याही मुलाला नाकारा असे कोठे म्हटले नव्हते. पण सुमारे बारा टक्क्यांवर असलेले प्रमाण उतरत उतरत बरोबर साडेआठावर येऊन ठेपले, आणि या उताराचा अर्थ असा की हजारो मुलांच्या अर्जांना विलंब, टोलवाटोलवी किंवा नकार यांपैकी काही तरी मिळाले. ह्यूस्टन क्रॉनिकल या वृत्तपत्राने २०१६ साली हे प्रकरण उजेडात आणले, पुढच्या वर्षी विधिमंडळाने अशी मर्यादा घालण्यास बंदी केली, आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय शिक्षणखात्याने टेक्सासने कायद्याचा भंग केल्याचा निष्कर्ष दिला. ज्या मुलांची शाळेची वर्षे त्या अवधीत निघून गेली, त्यांना ती वर्षे कोणत्याही निष्कर्षाने परत मिळाली नाहीत. २०२२-२३ साली देशभरातील सार्वजनिक शाळांत सुमारे पंचाहत्तर लाख, म्हणजे शंभरात पंधरा, विद्यार्थी या कायद्याखाली सेवा घेत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे साडेआठांची ती रेषा किती निष्ठुर होती हे कळते.

आपल्याकडेही बुद्धिमापनाची परंपरा जुनी आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या कसोट्या कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बेतून १९३४ साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी वेक्स्लरच्या कसोटीचे भारतीय रूप १९६९ साली सिद्ध केले. ही दोन्ही साधने अनेक ठिकाणी अजून वापरात आहेत, आणि वर फ्लिनच्या संदर्भात जे सांगितले ते त्यांनाही लागू पडते. इतक्या जुन्या प्रमाणांवर आजच्या मुलाचे माप घेणे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित, अशा सवलती दिल्या, आणि मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी त्यासाठी तपासणी होऊ लागली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेस एकवीस प्रकारांत स्थान दिले. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तिचा दाखला वयाच्या आठव्या वर्षापासून देण्याची आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी त्याच्या फेरतपासणीची तरतूद केली. हे मोठे पाऊल होते यात संशय नाही. परंतु आपल्या तपासणीची परिणती बहुधा दाखल्यात आणि दाखल्याची परिणती शालान्त परीक्षेच्या सवलतीत होते, त्यामुळे पुष्कळ पालक आठवी-नववीत जागे होतात. अमेरिकन पद्धतीतून आपण एकच गोष्ट उचलावयाची झाली तर ती ही, की तपासणीच्या अखेरीस उद्यापासून या मुलाला कोणी, काय आणि आठवड्यातून किती वेळ शिकवावयाचे, हे लिहिलेला कागद पालकाच्या हाती पडला पाहिजे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एक गोष्ट विशेषेकरून सांगावीशी वाटते. मुलाचे बोलणे उशिरा सुरू झाले वा वाचन अडखळले की घरी मराठी बोलणे बंद करा, असा सल्ला पुष्कळदा सद्भावनेने दिला जातो. तो मानण्याचे कारण नाही, कारण दोन भाषा कानी पडल्यामुळे भाषादोष उत्पन्न होत नाही. खरा दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो, आणि म्हणूनच घरी मूल मराठीत किती व कसे बोलते ही माहिती तपासणी करणाऱ्यांना अत्यंत मोलाची असते. अर्जात तिचा स्पष्ट उल्लेख करावा, गरज पडल्यास दुभाष्या मागावा, आणि निर्णयाच्या बैठकीपूर्वी अहवालाची प्रत मागून घ्यावी. मराठी वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सीत लेखी अर्ज पोहोचल्यापासून वीस दिवसांत शाळेने बैठक घ्यावी लागते, आणि संमतीपासून नव्वद दिवसांत तपासणी, पात्रतेचा निर्णय व आराखड्याची अंमलबजावणी पुरी व्हावी लागते. शिक्षकाशी नुसते तोंडी बोलल्याने ही मुदत सुरू होत नाही. म्हणून अर्ज लेखी करावा, त्यावर तारीख घालावी, आणि त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.